मैदानावर सोबती, चहाच्या वेळी बाहेर : पालवणकर बंधूंचे स्मरण

क्रिकेटचे वेड असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला स्पर्धांची नावे विचारा. तो रणजी करंडक सांगेल, देवधर करंडक सांगेल, विजय हजारे करंडक सांगेल. हजारे तर आपल्या सांगलीचे. त्यांचा जन्म तेथेच १९१५ साली झाला. कुस्तीचा विषय निघाला, की गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत जिंकलेले कांस्यपदक आपल्या भागातील लहान मूलही सांगते. ही नावे ओठांवर आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच विद्यार्थ्याला बाळू पालवणकर कोण, असे विचारले की तो गप्प होतो. इतिहासाचा अध्यापक म्हणून ही शांतता आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. शाळेच्या या स्मरणिकेत क्रीडाविषयक लेख लिहावा, असा आग्रह झाला, तेव्हा या शांततेविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले.

बाळूंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर त्यांनी खेळ शिकून घेतला. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे हे काम, आणि वेतन महिना तीन रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. तेथे जाळी बांधणे, रेषा आखणे ही कामे उरकल्यावर ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन् तास सराव करी. त्या सरावातून ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी धारदार झाली. मात्र असंख्य चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हाती साहेबांनी बॅट कधी दिली नाही. घाम गाळायची गोलंदाजी चाकराने करावी आणि ऐटीची फलंदाजी धन्याने, अशी ती विभागणी होती. ती कोठून आली, हे आपल्या वाचकांना सांगावे लागू नये.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना संघात घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. अखेरीस विजयाची ओढ विटाळावर मात करून गेली, पण ती केवळ सीमारेषेपर्यंत. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वजण हातात घेत. चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात, पिऊन झाल्यावर फोडून टाकायच्या भांड्यात, तो मिळे. जेवणही वेगळे, पानही वेगळे. गडी बाद करताना हिंदू आणि चहा पिताना अस्पृश्य!

या कथेतील एक प्रसंग आपल्या साताऱ्याचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने पुण्याच्या हिंदू संघाविरुद्ध सामना ठेवला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला. ज्या खेळाडूने आयुष्याची सुरुवात रूळ ओढण्याने केली, त्याला रुळाचीच भीती काय घालणार? बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. परतल्यावर सत्कार झाले. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत चहा प्या आणि जेवा, असे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या खेळाडूंना बजावल्याची नोंद आहे. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला.

त्याच सुमारास सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्यात राहत होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमरावाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आपण दरवर्षी हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. त्या शाळेत हा बालक घरून आणलेल्या तरटावर इतरांपासून वेगळा बसे आणि शिपायाने नळ उघडला तरच त्याला पाणी मिळे. पुढच्याच वर्षी वडिलांकडे गोरेगावला जाताना मसूर स्थानकावर उतरलेल्या या मुलांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून त्यांनी ती रात्र पाण्यावाचून काढली. हे सर्व त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात घडले. आपला वाळवा तालुकाही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. एकाच भूमीवर, जवळपास एकाच काळात, एका खेळाडूला मातीचे भांडे मिळाले आणि एका बालकाला पाणीही मिळाले नाही. स्थानिक इतिहास म्हणजे केवळ किल्ले आणि वाडे नव्हेत. त्यात हे भांडेही आले, तो नळही आला.

पुण्यात प्लेगची साथ आल्यावर बाळू मुंबईस गेले आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचे आधारस्तंभ बनले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले. या सामन्यात बाळूंनी आठ गडी बाद केले. शिवरामही संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरविल्याचा आनंद देशभर झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो दौरा एरवी पराभवांचाच. पण बाळूंनी त्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी अकरा गडी टिपले आणि दौऱ्यातील पहिला विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्धच्या अटीतटीच्या विजयात शिवराम यांचे शतक निर्णायक ठरले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. भीमराव तेव्हा महाविद्यालयात शिकत होते.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. त्याच वेळी पै आजारी पडले आणि विठ्ठल यांचा हक्क डावलून नेतृत्व देवधरांकडे सोपविले गेले. देवधर थोर खेळाडू होते, यात शंका नाही; आक्षेप निवडीमागील न्यायावर होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि निवेदन काढून त्याचे कारण लोकांपुढे मांडले. निवड समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले आणि पै मैदानाबाहेर असताना त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल अखेर कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरविले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून चार वर्षे होती.

येथवरची कथा आम्ही वर्गात सांगतो, तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. पुढची कथा सांगणे कठीण जाते. १९३२ साली बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब विजयी झाले. मतांचे अंतर दोन हजारांच्या आसपास होते. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी, जुलै १९५५ मध्ये, बाळूंचे निधन झाले.

एका वर्षी नववीतील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, मग बाळू आपले की त्यांचे?" वर्ग एकदम स्तब्ध झाला. बाळूंना विस्मरणात टाकणारे दोन पक्ष आहेत, हे त्या प्रश्नामुळे आम्हांस प्रथमच स्पष्ट दिसले. क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जातीमुळे त्यांना कोपऱ्यात ठेवले, आणि आपण १९३७ मुळे त्यांचे नाव घेण्याचे टाळले. पहिल्या पक्षाला दोष देणे सोपे आहे. दुसऱ्याचे काय?

आम्ही त्या मुलाला दिलेले उत्तर येथे नोंदवितो. संघाने बाळूंना गोलंदाजी करू दिली, पण नेतृत्व दिले नाही. दुसऱ्याच्या निवडीवर अवलंबून राहिलेल्या माणसाचे असेच होते. बाबासाहेबांची स्वतंत्र मतदारसंघांची मागणी नेमकी याच अनुभवातून उभी होती : आमचा कर्णधार आम्ही निवडू. म्हणून राजकीय निर्णयात बाबासाहेबच बरोबर होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु बाळूंच्या आयुष्यात पै यांच्यासारखे सोबतीही होते, आणि १९२० साली हट्टाने मागितलेला न्याय थोडा तरी पदरात पडला होता. सोबत्यांवर विश्वास ठेवावा असे त्यांना वाटले असेल, तर ते समजून घेता येते. मत चुकले म्हणून त्यांचे गडी बाद करणे पुसले जात नाही, आणि मातीच्या भांड्याचा अपमानही पुसला जात नाही. तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्टीवर किंवा परंपरेवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. माणूसही पारखून घ्यावा. पूर्ण स्वीकारणे आणि पूर्ण टाकणे, या दोन टोकांच्या मधला मार्ग इतिहासकारालाही लागू आहे.

आपल्या वसतिगृहात बुद्धवंदनेनंतर सर्व मुले एका पंगतीत बसतात आणि आपापले ताट स्वतः धुतात. वाढणारा कोण, खाणारा कोण, हे जातीवरून ठरत नाही. आपल्या मैदानावर रूळ ओढण्याची पाळी कर्णधारालाही येते. बाहेरगावच्या पालकांना ही साधी शिस्त वाटते. बाळूंची कथा ठाऊक असलेल्याला त्या पंगतीचे आणि त्या रुळाचे मोल कळते.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या दप्तरी जिंकलेल्या ढालींची नोंद आहे. पण कबड्डीत पाय धरून ठेवणारा, खो-खोत अखेरचा गडी म्हणून टिकणारा, क्रिकेटच्या संघात बारावा राहून पाणी पोहोचविणारा कोण होता, याची नाही. आपल्या तुकडीतील अशा सोबत्यांची नावे, साल आणि एखादी आठवण शाळेकडे लिहून पाठवा. त्यातील कोणाशी नंतर आपले पटले नसेल, राजकारणात तो दुसऱ्या बाजूला गेला असेल, तरी त्याचे नाव गाळू नका. पुढच्या स्मरणिकेत आम्हांस ती यादी छापायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!