अदमासे वय 16

मोडी वाचता येते म्हणून जुनी दप्तरं दाखवायला लोक मला बोलावतात. साताऱ्याकडच्या एका वाड्यात माळ्यावरून फौजदारी कामांच्या नकलांचे रुमाल निघाले. घरातले पणजोबा वकील होते. तेव्हा मामलेदाराला मॅजिस्ट्रेटचेही अधिकार असत. तालुक्यातल्या लहानसहान चोऱ्यांचे निकाल त्याच्याच कचेरीत लागत.

त्यातलं 1910 सालचं एक काम मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाणवठ्यावरून पितळी तांब्या चोरल्याचा आरोप, कलम 379. मुलाच्या नावापुढे ‘अदमासे वय 16’. खाली आईची जबानी: पहिल्या प्लेगात गाव रानात राहायला गेलं, तेव्हा हा पाळण्यात होता. शेवटी अंगठा.

मुंबईत प्लेग आला 1896 च्या सप्टेंबरात, आमच्या बाजूला त्यानंतर. म्हणजे पोरगा फार तर चौदाचा. हा दोन वर्षांचा फरक किरकोळ नव्हता. 1897 च्या सुधारशाळा कायद्यानुसार पंधराच्या आतल्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवता येई, आणि तसं पाठवण्याआधी वयाची चौकशी करून निष्कर्ष नोंदवणं बंधनकारक होतं. सोळा लिहिलं की तो प्रश्नच मिटला. निकालात आईच्या जबानीचा उल्लेखही नाही. तीन महिने सक्तमजुरी.

सुधारशाळा म्हणजे मेहेरबानी होती असं मी म्हणणार नाही. तिथली मुदत तीन ते सात वर्षांची. एका तांब्यापायी आईपासून इतकी वर्षं तुटणं ही शिक्षाच. पण त्या बाईने आपल्या परीने पोराच्या वयाचा पुरावा दिला होता, तो कुणी मोजलाच नाही, याचा मला आजही संताप येतो. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा व्हायला 1924 साल उजाडलं.

मुलाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. आजचा बाल न्याय कायदा अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलालाही तेवढा मान मिळायला हवा.

तुमच्या घरी कुणी वकील, मामलेदार, पाटील होऊन गेले असतील, तर त्यांची दप्तरं रद्दीत घालू नका. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा. अशा मुलांची बाजू बऱ्याचदा त्या कागदांपलीकडे कुठेच नोंदलेली नसते.