वाईट माणसांचे बोलणे कानी घ्यावे काय?

कादंबरी वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारे भाविक आपल्या समाजात आजही थोडे नाहीत. त्यातून ती कादंबरी गुंडपुंडांविषयी असेल आणि त्यांच्याच तोंडच्या भाषेत लिहिलेली असेल, तर ती ख्रिस्ती घरात असावी की नसावी, हा प्रश्न उभा राहतोच. नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरातील) आमच्या धर्मग्रामाच्या छोट्याशा वाचनालयात महिन्यातून एकदा, रविवारच्या मिस्सानंतर, दहा-बारा वाचक एकत्र बसतात आणि एखाद्या पुस्तकाविषयी बोलतात. यंदा भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर झालेली चर्चा एका बैठकीत संपली नाही. ती तीन बैठका चालली. तीत मांडली गेलेली मते वाचकांपुढे ठेवावीत, असे आम्हांस वाटले, कारण तो प्रश्न केवळ एका पुस्तकापुरता नाही.

'वासूनाका' १९६५ साली प्रसिद्ध झाली. भाऊ पाध्ये (१९२६-१९९६) हे कामगार चळवळीत आणि पुढे वृत्तपत्रांत काम केलेले लेखक. मुंबईच्या एका नाक्यावर दिवसचे दिवस उभे राहणाऱ्या तरुणांच्या टोळक्याची ही कथा आहे. हे काही नामचीन टोळीवाले नव्हेत. परंतु उद्याचे 'भाई' ज्या मातीतून उगवतात, ती माती हीच. टवाळी, मारामारी, मुलींची छेड आणि त्याहूनही वाईट असे सारे काही पोक्या नावाचा त्यांच्यातलाच एक जण नाक्यावरच्या भाषेत सांगत जातो. लेखक मध्ये येऊन 'हे वाईट आहे' असे एकदाही म्हणत नाही. पुस्तक निघाले तेव्हा आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून त्यावर प्रखर हल्ला चढविला; काही साहित्यिकांनी लेखकाची पाठराखण केली. तो वाद मराठी साहित्यात गाजला.

आमच्या बैठकीतही दोन तट पडले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वीस पाने वाचून पुस्तक परत आणून दिले. "बोलीभाषेला माझा विरोध नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी वर्षानुवर्षे मुलांना वाचून दाखविली. ती घरगुती बोली मनाला स्वच्छ करते, ही बोली मन मळविते. मूल आधी शब्द उचलते आणि मग कृती," असे ते म्हणाले. या बोलण्याला अनुभवाचे वजन होते.

दवाखान्यात सेवा करणाऱ्या एका सिस्टरांचा आक्षेप निराळा होता. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते. "शिव्यांचे मला काही वाटले नाही, रुग्णांच्या तोंडून त्या रोजच ऐकते. पण ज्या मुलींविषयी ही मुले बोलतात, त्या मुलींना स्वतः बोलायला कुठे मिळते? त्यांचे दुःख आपल्याला कळते ते पोक्याच्या तोंडून, म्हणजे ज्याने खोडी काढली त्याच्याच तोंडून," असे त्यांनी विचारले, तेव्हा सारे क्षणभर गप्प झाले.

त्या शांततेत पुण्याजवळच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक तरुण म्हणाला, "फादर, आम्ही पण असंच बोलतो. तुमच्यासमोर बोलत नाही, एवढंच." आणि मागे बसलेली एक माता, जिचा मुलगा शिक्षण सोडून चौकातल्या टपरीवर बसू लागला आहे, हळूच म्हणाली, "माझं पोरगं घरात व्हय-नाय एवढंच बोलतं. बाहेर ते काय बोलत असंल, ते मला या पुस्तकातनं कळलं. वाचताना लई रडू आलं."

आमच्या मते या चौघांचेही म्हणणे खरे आहे; मात्र ते एकत्र ठेवून पाहिले पाहिजे.

गुन्हेगारांच्या नुसत्या बोलण्यावर कादंबरी उभी करण्याचा प्रघात पाश्चात्त्य देशांतही आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरी जॉर्ज हिगिन्स नावाचे सरकारी वकील होते. जेज्विट संघाच्या बॉस्टन कॉलेजात ते शिकले. 'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉईल' ही त्यांची पहिली कादंबरी १९७०च्या दशकाच्या आरंभी आली. तीत बेकायदा बंदुका विकणारे आणि बँका लुटणारे लोक पानोपानी बोलत असतात. लेखकाचा उपदेश कोठेही नाही. त्याआधी, १९३८ साली, ग्रॅहम ग्रीन या कॅथलिक लेखकाने 'ब्रायटन रॉक'मध्ये पिंकी नावाचा कोवळा टोळीप्रमुख रंगविला; तो खून करतो आणि नरकावर त्याचा पक्का विश्वासही असतो. ग्रीन यांच्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) या कादंबरीवर रोममधील धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. परंतु १९६५ साली, म्हणजे 'वासूनाका' निघाली त्याच वर्षी, पोप सहावे पॉल यांनी ग्रीन यांना भेटीत सांगितले की, आपल्या पुस्तकांतील काही भाग काही कॅथलिकांना खटकणारच, त्याकडे लक्ष देऊ नये. पुढच्याच वर्षी निषिद्ध ग्रंथांची जुनी सूची ख्रिस्तसभेने बंधनकारक ठेवली नाही. काय वाचावे हे ठरविण्याचा भार तेव्हापासून पुष्कळसा आपल्या विवेकावर आला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्याविषयी पत्र लिहिले, त्यातही कथा-कादंबरी वाचणे म्हणजे दुसऱ्याचा आवाज ऐकणे, असाच भाव आहे.

ऐकणे हे आम्हां धर्मगुरूंचे नित्याचे काम. प्रायश्चित्त संस्कारात माणूस स्वतःच्या शब्दांत बोलतो आणि आम्ही मध्ये न तोडता ऐकतो. ऐकले म्हणजे पापाला संमती दिली, असे कोणी म्हणत नाही. परंतु नाक्यावरचे बोलणे आणि पापनिवेदन यांत एक मोठा भेद आहे. पापनिवेदनात माणूस 'मी केले' असे म्हणतो. नाक्यावर तो 'सगळेच करतात' असे म्हणतो आणि हसतो. ज्याला दुखापत झाली, त्याचे नाव त्या हसण्यात बुडून जाते. लेखक गप्प राहतो तेव्हा ते नाव वर काढण्याचे काम वाचकाचे असते. सिस्टरांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो. ज्या वाचकाला तो प्रश्न सुचतो, त्याला असे पुस्तक बिघडवीत नाही. ज्याला तो सुचत नाही, त्याला ते बिघडवू शकते. मुख्याध्यापकांची भीती या दुसऱ्या वाचकासाठी आहे आणि ती रास्त आहे.

आपल्या तालुक्याच्या गावांतूनही आज नाके आहेत. चौकात 'भाईं'च्या वाढदिवसाचे फलक लागतात, तलवारीने केक कापल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि मोबाइलवर त्याची चित्रे पाहणारी मुले आपल्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातून पुढे गेलेली असतात. 'वासूनाका' कपाटातून काढून टाकल्याने चौकातले बोलणे थांबणार नाही.

म्हणून तिसऱ्या बैठकीत सर्वांनी मिळून असे ठरविले, की पुस्तक वाचनालयात ठेवावे, मात्र ते प्रौढ वाचकांनाच द्यावे, आणि वाचणाऱ्याने बैठकीला येऊन बोलावे. मुख्याध्यापकांनी आपला विरोध नोंदवून घेतला आणि बैठकीला येणे मात्र सोडले नाही. त्या मातेला आम्ही एवढेच सुचविले, की मुलाच्या तोंडून वेडावाकडा शब्द निघाला तर लगेच दार लावून घेऊ नये. आधी ऐकावे, मग ज्या मुलीविषयी वा ज्या माणसाविषयी तो बोलला, तिच्या घरी आज काय चालले असेल, एवढे शांतपणे विचारावे. त्या कारखान्यातल्या तरुणाने शनिवारी सायंकाळी टपरीवरच्या मुलांसोबत बसण्याचे आपणहून कबूल केले आहे. तेथे काय घडते ते काळच दाखवील.

जकातदार आणि पापी लोकांबरोबर हा जेवतो, अशी तक्रार परूश्यांनी केल्याचे शुभवर्तमानात आहे. त्या पंगतीत चाललेल्या गप्पा काही मंदिरातल्या स्तोत्रांसारख्या नसणार. प्रभू येशू ते बोलणे ऐकून उठून गेला नाही. आणि त्या माणसांना तो भेटण्यापूर्वी जसे होते तसेच त्याने राहूही दिले नाही. आपल्या घरांनी आणि धर्मग्रामांनी एवढे जरी शिकून घेतले, तरी पुष्कळ मुले नाक्यावरून घरी परततील, असा आमचा विश्वास आहे.