रिमिक्सवरून रुसलेल्या भाच्याला

प्रिय सुमेध,

तुझी पहिली रेकॉर्ड निघतेय, तीही विनाइलवर, हे वाचून फार आनंद झाला. पण पत्राचा सूर काही सणाचा नव्हता. ए बाजूला तुझा ट्रॅक, बी बाजूला त्या बुजुर्गाचा रिमिक्स, आणि तुझं म्हणणं की डीजे मंडळी रेकॉर्ड उलटी करूनच लावणार. वरात तुझी आणि घोड्यावर तो, असंच ना?

तुला ‘नाइट्स ऑफ द जॅग्वार’ची गोष्ट सांगते. 1999 साली डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ने ही ईपी काढली. ट्रॅक डीजे रोलांडोचा. डेट्रॉइटमध्येच वाढलेला मेक्सिकन वंशाचा मुलगा. हे लेबल म्हणजे एक प्रकरणच. चेहरे झाकून वाजवायचं, बड्या कंपन्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. मी तेव्हा बर्लिनला शिकत होते, हार्ड वॅक्स दुकानात ती पहिल्यांदा ऐकली. पॅड पसरतात, खाली किक, मधूनमधून लॅटिन ताल, आणि मग तंतुवाद्यांची ती धून. टेक्नो ऐकून गुणगुणत घरी जायची वेळ विरळाच येते; त्या दिवशी आली.

मग सोनीच्या जर्मन शाखेने लेबलची संमती नसताना तीच धून, सूर न् सूर तसाच ठेवून, नव्याने वाजवून घेतली. चाहत्यांनी ई-मेलचा भडिमार केला. सोनीने माघार घेतली, तर बीएमजी पुढे सरसावली! डेट्रॉइटकरांनी काय करावं? 2000 साली तिथल्याच ‘430 वेस्ट’कडून ‘जॅग्वार’ नव्या मिक्सेससह आला: मॅड माइक बँक्स, ऑक्टेव्ह वन आणि जेफ मिल्स. मिल्स म्हणजे ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द विझार्ड’ म्हणून गाजलेला माणूस. माइकबरोबर ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ त्यानेच उभं केलं आणि नव्वदीच्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला होता. अडचणीच्या वेळी जुना गडी धावून आला, असं मला तरी वाटतं. मूळ ट्रॅक त्यामुळे झाकोळला का? आजही लोक ‘जॅग्वार’ म्हणतात तेव्हा त्यांना रोलांडोचाच हवा असतो.

सोनीच्या नकलेत सगळे सूर जागच्या जागी होते. रिमिक्स करणारा मात्र बहुतेक टाकून देतो. आपल्याकडे रिमिक्स म्हटलं की ‘कांटा लगा’ आठवतं, जुन्या गाण्याखाली ठोका भरलेला, म्हणून तुला ते उपरं वाटत असेल. तुझ्या ट्रॅकच्या सगळ्या स्टेम्समधून, म्हणजे सुट्या भागांतून, त्या बुजुर्गाने फक्त हाय-हॅट आणि कॉर्डच्या रिव्हर्बची शेपटी उचलली, अशी तुझी तक्रार आहे. अरे, ती शेपटी तूच बेसखाली पुरून ठेवली होतीस! मला तर तुझ्या मिक्समध्ये ती ऐकूच आली नव्हती.

तुझ्या भीतीत एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि तिचा त्याच्याशी संबंध नाही. तुझा ट्रॅक चौदा मिनिटांचा. बारा इंची रेकॉर्डवर बाजू जितकी लांब, तितक्या खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाज खाली येतो. त्याचा सात मिनिटांचा, मोकळ्या खाचांचा, खणखणीत वाजणार. क्लबमधला डीजे जो मोठा वाजेल तो उचलतो, नाव बघत नाही. मधल्या ब्रेकडाउनमधली चार मिनिटं निर्दयपणे छाट. कटिंगला जायच्या आत.

तुझी,
आत्या