काळा पडदा, चालू पंखा

१. लॅपटॉपचा पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. नगरच्या दुरुस्तीच्या दुकानात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ‘‘दादा, काहीच केलं नाही. अपडेटला फक्त हो म्हटलं.’’

२. बायोसचं अपडेट सुरू होताना सूचना येते : चार्जर काढू नका, यंत्र बंद करू नका. पाथर्डीच्या उन्हाळ्यात वीज कशी जाते, हे लिहिणाऱ्याने पाहिलेलं नसावं.

३. बायोस म्हणजे लॅपटॉपला जागं करणारा पहिला प्रोग्राम. तो राहतो आठ पायांच्या एका चिपमध्ये. आकार तुरीच्या डाळीएवढा, क्षमता बहुधा ८ किंवा १६ एमबी. लग्नाचा एखादा व्हिडिओ याहून मोठा. लिहिणं अर्धवट राहिलं, की प्रोसेसरला पहिली आज्ञाच मिळत नाही. पडदा उजळवायचा कसा, हेही त्याच चिपमध्ये लिहिलेलं. डिस्क शाबूत, फोटो शाबूत, जीएसटीचं विवरण शाबूत.

४. आधी घरचे उपाय. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. नाही जमलं तर कंपनीची बायोस फाइल फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्यायची. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दिली, की तो ती फाइल शोधतो. पण सगळ्यांत आधीचा उपाय कुणालाच जमत नाही. अपडेटनंतर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. थांबायचं असतं.

५. प्रत बिघडण्याची गोष्ट याच जिल्ह्यात जुनी. नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली. नकलाकारांच्या हातून फिरता फिरता पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत केली आणि यापुढे कुणी ओवी घुसडू नये, असं शेवटी बजावलं.

६. दुकानातलं शेवटचं हत्यार म्हणजे सीएच३४१ए हा चिपवर लिहिणारा स्वस्त प्रोग्रामर. चिपवर चिमटा बसवायचा, आतलं दोनदा वाचायचं, दोन्ही वाचनं जुळतात का पाहायचं, मगच लिहायचं. चिप १.८ व्होल्टची असेल आणि ३.३ दिले, तर चिपच जाऊ शकते. घाईतला कारागीर जुनं न वाचताच दुसऱ्या लॅपटॉपची प्रत ‘मारतो’. लॅपटॉप सुरू होतो, पण सिरियल नंबर दुसऱ्याचा.

७. ऑक्टोबर २०२४ : अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाटी नवी, बिलबुक जुनं, गाड्यांचा क्रमांक एमएच १६च. गिऱ्हाईक दोन्ही नावं घेत नाही. म्हणतं, ‘‘नगरला आलोय.’’

८. बायोस बदलला, की विंडोजमधल्या, डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरला कधी कधी संशय येतो. तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती कुठे ठेवली, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

९. किल्लीच न लागणारं गाव म्हणजे शनिशिंगणापूर. घरांना दारं न लावण्याची तिथली परंपरा. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली, तिलाही ‘बिनकुलपाची’ म्हणतात.

१०. अपडेट न करताही बायोस जातो. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने जगभरातल्या कितीतरी संगणकांचे बायोस पुसले. कर्ता तैवानचा एक विद्यार्थी. चिप जागेवरच पुन्हा लिहिता येण्याची सोय व्हायरसच्याही कामी आली.

११. बायोस मारून झाला, लॅपटॉप सुरू.
‘‘पार्ट कोणता बदलला?’’
‘‘कोणताच नाही, काका.’’
‘‘मग पैसे कशाचे?’’
दुकानदार आता बिलावर ‘आयसीचं काम’ असं लिहितो. भांडण होत नाही.