मावळातली जीप आणि डिझेलचा हिशेब

मावळ म्हणजे तीन खोरी. उत्तरेला आंदर मावळ, मधे नाणे मावळ आणि दक्षिणेला पवन मावळ. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा ही सारी स्टेशने एका रेषेत. रेल्वे, जुना हमरस्ता आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग हे तिघे त्याच अंगाने धावतात. पण या पट्ट्यातून चार-पाच मैल आत गेले की डांबर कमी होत जाते आणि लाल मातीची, दगडगोट्यांची वाट सुरू होते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावकडे येईपर्यंत तो निम्म्याहूनही कमी होतो. एकाच तालुक्यात एवढा फरक! म्हणून तळेगावच्या शेतकऱ्याला जी गाडी चालते, ती डोंगराकडेच्या वाडीला चालेलच असे नाही.

या वाटांवर आधी बैलगाडी होती, मग जीप आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जीपगाड्या लाखांनी तयार झाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत त्या जोडायला घेतल्या. पुढे डिझेल इंजिन बसले आणि जीप खऱ्या अर्थाने खेड्यात रुजली. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० या गाडीला प्यूजो जातीचे, २.१ लिटरचे डिझेल इंजिन होते. ताकद बेताचीच, पण खालच्या गिअरात ओढ चांगली. मावळातल्या कितीतरी वाड्यांनी पहिले मोटारवाहन पाहिले ते ताडपत्रीच्या हूडाचे हेच. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, वऱ्हाडी, आजारी माणूस, सारे त्यातूनच गेले.

ही गाडी काय करते ते पाहायचे तर लोणावळ्याहून राजमाचीकडे जावे. तुंगार्लीच्या बाजूने निघाले की साधारण पंधरा किलोमीटरची वाट आहे. शेवटी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. मधे ओढे आहेत, सुटे दगड आहेत, आणि पावसाळ्यात घसरड्या चढणी. उन्हाळ्यात ही वाट तासाभराहून थोडी अधिक घेते, आषाढात किती घेईल ते ओढ्याला विचारावे! हल्ली शनिवारी-रविवारी शहरातल्या नव्या थार आणि गुरखा गाड्या इथे दिसतात. हौस वाईट नाही, पण भर पावसात चाके फिरवून खोल चाकोऱ्या पाडल्या, तर सोमवारी त्याच चाकोऱ्यांतून वाडीच्या लोकांना जावे लागते, हे त्या मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता खर्चाकडे वळू. पवन मावळातल्या एका घरी जुनी डिझेल जीप पाहिली. पोरगा म्हणतो, "आण्णा, विका ती. पाणी प्यावं तसं डिझेल पिते." म्हातारा म्हणतो, "मग रात्री कुणाला हाक मारायची रे?" दोघांचेही खरे आहे, म्हणून हिशेबच मांडून पाहू.

वर्षाला ६,००० किलोमीटर धावणारी जुनी जीप कच्च्या-पक्क्या रस्त्यावर मिळून लिटरला १० किलोमीटर गेली, असे धरू. ६०० लिटर डिझेल लागले. लिटरला ९० रुपये धरले तर ५४,००० रुपये. त्याच अंतराला लहान पेट्रोल मोटार लिटरला १८ किलोमीटर गेली आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ३५,००० रुपये होतात. फरक १९,००० रुपयांचा. रक्कम थोडी नाही. शिवाय जीपचे पाटे, बुशी, टायर, क्लच यांचा खर्च वेगळा. पण लहान मोटारीत इंद्रायणी भाताची पाच पोती बसत नाहीत, आणि ती ओढ्यात उतरतही नाही. डांबराकाठी ज्याचे घर आहे, त्याने जीपचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. ओढ्यापलीकडे ज्याचे घर आहे, त्याने वर्षभरात भाड्याच्या टेम्पोला किती दिले आणि किती वेळा टेम्पोच आला नाही, तेही कागदावर लिहावे.

जीप ठेवायचीच ठरली, तर डिझेल वाचवणे पुष्कळसे आपल्या हाती असते. पहिली गोष्ट म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर डांबरावर लावून ठेवू नये. औत वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते ना, तसेच वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर पडते. जुन्या जीपमध्ये हा गिअर लावला की पुढची-मागची चाके एकमेकांना जखडली जातात. चिखलात चाक थोडे घसरते म्हणून भागते. डांबरावर ते घसरत नाही, सगळा ताण गिअरपेटीवर आणि टायरवर येतो आणि डिझेलही जळते. पुढच्या चाकांना मोकळे करणारी हब असेल, तर उन्हाळ्यात ती मोकळीच ठेवावी.

घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचते, ही समजूत काढून टाकावी. गिअरात, पाय काढून उतरले की पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते द्यावेच लागते. वर ब्रेक तापतात ते निराळेच, आणि बोरघाटासारख्या उतारावर तापलेला ब्रेक म्हणजे खेळ नव्हे.

हौसेने रुंद आणि उंच टायर बसवणारे पुष्कळ. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, पण मीटर जुन्याच मापाने मोजतो. मग "अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणून फिटरच्या नावाने खडे फोडले जातात. आधी मीटर तपासावा. मोजायचे तर टाकी काठोकाठ भरावी, तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी. एका फेरीवरून निकाल देऊ नये.

ओढ्यातून वरचेवर जाणाऱ्या गाडीचे आसाचे ऑइल महिन्यातून एकदा पाहावे. ते दुधाळ दिसले की आत पाणी शिरले, लगेच बदलावे. पाट्यांना आणि शाफ्टच्या जॉइंटांना पावसाळ्यात ग्रीस वरचेवर हवे. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-चारदा हलका ब्रेक दाबून तो सुकवून घ्यावा.

कागदांचेही पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. खाजगी जीपमध्ये भाड्याने माणसे बसवली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो. हंगामात शेजाऱ्याला बाजारापर्यंत नेणे वेगळे आणि पैसे घेऊन दहा जण कोंबणे वेगळे. विमा आणि तपासणीची तारीख मृगाच्या आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण एकदा भातलावणी लागली की वडगावला जायला कुणाला सवड नसते.