'काहीच नाही' या विषयावरील व्याख्यान

व्याख्यान ऐकणे हा मराठी माणसाचा जुना छंद. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. तिच्या गावोगावच्या लेकी-सुना तर मोजूच नयेत. या परंपरेत वाढलेल्या माझ्यासारख्या अध्यापकाच्या मनात व्याख्यान म्हटले की ओघ, दाखले आणि टाळ्यांच्या ठरलेल्या जागा उभ्या राहतात. साहजिकच जॉन केज या अमेरिकी संगीतकाराचे 'लेक्चर ऑन नथिंग' प्रथम वाचले तेव्हा मी वैतागलो होतो.

१९५०च्या आसपास न्यूयॉर्कच्या आर्टिस्ट्स क्लबमध्ये ते दिले गेले आणि १९६१ मध्ये 'सायलेन्स' या पुस्तकात आले. त्याची आखणी सांगीतिक रचनेसारखी आहे : ४८ खंड, प्रत्येक खंडात ४८ मापे, साऱ्यांची वाटणी ७, ६, १४, १४, ७ अशी. मजकूर चार स्तंभांत छापलेला. मधल्या कोऱ्या जागा म्हणजे विराम. (आमचा महाविद्यालयीन तासही ४८ मिनिटांचाच, या योगायोगाची मला अजून गंमत वाटते.) चौथ्या भागात एकच पान सुमारे चौदा वेळा येते. ते चालू असताना जीन रेनल ही मोझेइककार उठून किंचाळली, 'तू मला प्रिय आहेस, पण आता सहन होत नाही' अशा अर्थाचे काही बोलली आणि निघून गेली. केज वाचतच राहिला. पुढे श्रोत्यांच्या प्रश्नांना, प्रश्न कोणताही असो, त्याने आधीच लिहून आणलेल्या सहा उत्तरांपैकी एक दिले.

हा शेवटचा प्रकार मला आजही उर्मट वाटतो. परंतु 'अपेक्षित प्रश्नसंचां'वर पोसलेल्या आपल्या विद्याव्यवहाराने त्याला नावे ठेवावीत काय, हेही एकदा स्वतःला विचारावे.

केजच्या या मौनाच्या ओढीमागे एक भारतीय धागा आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवावे, त्यांनी त्याला भारतीय संगीत, असा व्यवहार ठरला. मन शांत करून त्याला दैवी प्रभावासाठी मोकळे करणे हे संगीताचे प्रयोजन, ही त्यांच्या गुरूंची धारणा केजने पुढे अनेकदा सांगितली. १९४८ मध्ये व्हॅसर महाविद्यालयातील भाषणात त्याने अखंड शांततेची एक रचना करण्याचा मानस बोलून दाखवला; '४ मिनिटे ३३ सेकंद' अवतरली ती १९५२ मध्ये. म्हणजे कृतीच्या आधी चार वर्षे भाषण!

एम.ए.च्या वर्गात हे व्याख्यान मी मोठ्याने वाचायला दिले, विराम पाळण्याच्या अटीवर. पहिल्या विरामात सारे हसले. नंतर पंख्याची कुरकुर आणि शेजारच्या वर्गातले 'रससिद्धान्ता'चे विवेचन स्पष्ट ऐकू येऊ लागले. चौथ्या भागात हसू आटले, चुळबुळ वाढली आणि एरवी प्रत्येक कवितेला 'छान आहे, सर' म्हणणारी एक मुलगी उसळून म्हणाली, "हे मला अजिबात आवडलेलं नाही!" त्या सत्रात साहित्यकृतीविषयी वर्गात उमटलेले ते पहिले स्वतंत्र मत. वाचणारा मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मी काहीच बोललो नाही. त्याने पान उलटले आणि तोच मजकूर पुन्हा वाचायला घेतला.