भिडेवाडा ते बालभारती

गेल्या रविवारी विहारातील अभ्यासवर्गाची नऊ मुले घेऊन पुणे शहरात फिरलो. पहिले ठिकाण बुधवार पेठेतील भिडेवाडा. येथे १८४८ साली क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा सुरू केली. राष्ट्रीय स्मारकासाठी जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. समोर दगडूशेठ गणपतीची ही गर्दी, आणि अलीकडे आमची मुले हात जोडून उभी!

मुक्ता साळवेची हकिगत त्यांना सांगितली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला. ती नुसती वाचायला शिकली नव्हती, वाचलेल्याचा जाब विचारत होती.

तेथून बसने सेनापती बापट रस्त्याला आलो. बालभारतीचे फाटक रविवारमुळे बंद. १९६७ साली स्थापन झालेली ही संस्था. आपली पाठ्यपुस्तके येथे तयार होतात हे कळल्यावर मुले फाटकाच्या गजांतून डोकावू लागली.

सहावीतल्या एका मुलीने दप्तरातून मराठीचे पुस्तक काढले. धड्याजवळ काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला असे कोड जोडले. पुढे ते राज्यभर आले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी इतर स्पर्धकांना वाटून दिली.

ही पोर घडाघडा वाचते, पण काय वाचले म्हणाल तर गप्प. फुटपाथवरच बसलो. माझ्या मोबाइलवर दीक्षा ॲप उघडून कोड धरला. धडा ऐकू येई, बोट पुस्तकातल्या ओळीवर. परिच्छेद संपला की मोबाइल थांबवायचा आणि विचारायचे, ‘असं का झालं?’ न थांबवता लावून दिला, तर मुले गाण्यासारखे ऐकतात आणि विसरतात. तिसऱ्या वेळी तिने सगळी गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली.

पण मोबाइल माझा होता. तिच्या घरात एकच, तोही वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो. विहारात बोललो. आता चार जणांनी रविवारी सायंकाळी तासभर आपले मोबाइल मुलांपाशी ठेवायचे कबूल केले आहे.

परतीच्या बसमध्ये ती पाट्या वाचत होती. मध्येच म्हणाली, ‘काका, सेनापती बापट कोण?’ मुळशीचा सत्याग्रह सांगता सांगता डेक्कन आले.